गतीचे नियम आणि आम्ही

ज्या गोष्टी आपणांस तोंडपाठ असतात, त्या आपणांस समजल्याही आहेत, अशी एक गोड समजूत प्रत्येक सुशिक्षित घरांत नांदत असते. आमच्या घरींही ती नांदत होती. लहानपणीं रामरक्षा पाठ केली, पाढे पाठ केले, अमरकोशांतील चार श्लोक पाठ केले, आणि पुढें शाळेंत गतीचे तीन नियमही त्याच चालीवर पाठ केले. इतकेंच नव्हे, तर पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून हे तीन नियम बत्तीस वर्षें आम्हीं दुसऱ्यांच्या मुलांकडून पाठ करवून घेतले. पेल्यावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवावा, त्यावर नाणें ठेवावें आणि पुठ्ठ्यास टिचकी मारावी. पुठ्ठा उडून जातो, नाणें मात्र टणकन् पेल्यांत पडतें. मुलें टाळ्या वाजवितात, आणि मास्तरांस वाटतें, चला, जडत्वाचा धडा संपला! बत्तीस वर्षांत हें नाणें आम्हीं किती वेळां पेल्यांत पाडलें असेल, याची गणती नाहीं. परंतु तो धडा आमचा स्वतःचा संपला नव्हता, हें कळण्यासाठीं आमच्या दीड वर्षाच्या नातीचें एक हाड मोडावें लागलें.

ही हकीकत सांगावी कीं न सांगावी, असा बरेच दिवस विचार पडला होता. आपल्या मूर्खपणाची जाहिरात करण्याची हौस कोणास असते? पण आज घरोघरीं मोटारी झाल्या आहेत आणि घरोघरीं आमच्यासारखे आजोबाही आहेत. तेव्हां सांगणेंच बरें.

साताऱ्यास आमच्या मेहुण्यांच्या नातवाची मुंज होती. पुण्याहून दोन मोटारींतून मंडळी निघावयाची होती. दुसऱ्या मोटारींत आहेराचें सामान, लाडवांचे डबे आणि धाकट्या बंधूंचा परिवार. आमच्या मोटारींत चिरंजीव चालवावयास, त्यांच्या शेजारीं आत्याबाई, आणि मागें सौभाग्यवती, सूनबाई, आम्ही व आमची नात चिमी, अशी योजना ठरली. सूनबाईंनीं सकाळींच लहान मुलांस मोटारींत बसविण्याची ती पट्ट्यांची खुर्ची खालीं आणून ठेविली होती. आतां ही खुर्ची मागच्या बाकावर ठेविली म्हणजे एका मोठ्या माणसाची जागा जाते. मग दुसऱ्या मोटारींतील सामानाची उलथापालथ करा, कोणी तरी डब्यांमध्यें अंग चोरून बसा, मुहूर्ताची वेळ तर टळत चाललेली. अंगणांत पांच मिनिटें खल झाला. अखेर आत्याबाईंनीं निकाल दिला : “अगो, आम्ही पांच पोरें मांडीवर घेऊन बैलगाडींतून जेजुरी केली, आळंदी केली. कुणाच्या पोराला खुर्ची लागली नाहीं.” आणि त्या निकालावर आम्हीं शिक्कामोर्तब केलें : “आजोबांच्या मांडीइतकी सुरक्षित जागा जगांत दुसरी कोणती?” सर्व मंडळी हंसली. सूनबाई हंसल्या नाहींत. त्यांनीं एकदां चिरंजीवांकडे पाहिलें, चिरंजीवांनीं घड्याळाकडे पाहिलें, आणि खुर्ची पुन्हा माडीवर गेली. मांडीवर मूल असल्यामुळें आमचा स्वतःचा पट्टाही आम्हीं लावला नाहीं. तो चिमीस टोंचला असता, अशी आमची मायेची समजूत.

खंबाटकीचा घाट उतरून गाडी सपाटीस लागली. पुढें रस्त्याचें कांहीं काम चालू होतें, म्हणून वेगही बेताचाच, तासाला सुमारें ५० किलोमीटर. चिमी खिडकींतून गुरें पाहत होती. इतक्यांत उलट दिशेनें एक दुचाकी अगदीं समोर आली. चिरंजीवांनीं ब्रेकवर पाय ठेविला, आणि गाडी जागच्या जागीं थांबली म्हणावी इतक्या लवकर थांबली. दुचाकीवाला वांचला. आमच्या गाडीस ओरखडासुद्धां उमटला नाहीं. चिरंजीव पट्ट्यांत अडकून जागेवर होते, आत्याबाईही पट्ट्यामुळें जागेवर होत्या. आम्ही मात्र थांबलों नाहीं. आम्ही ज्या वेगानें निघालों होतों, त्याच वेगानें पुढें जात राहिलों, आणि पुढच्या आसनाच्या पाठीवर जाऊन आदळलों. आसन आणि आम्ही यांच्या मध्यें चिमी होती.

साताऱ्यास पोहोंचल्यावर मांडवांत न जातां आम्ही प्रथम रुग्णालयांत गेलों. खांद्यापासून गळ्याकडे येणारें बारीक हाड मोडलें होतें. डॉक्टर भला माणूस, म्हणाला, “लहान मुलांचीं हाडें लौकर जुळतात, तीनचार आठवडे हात झोळींत ठेवा. थोडक्यांत निभावलें.” तें ‘थोडक्यांत’ आम्हांस फार लागलें. क्ष-किरणांच्या खोलीबाहेर बाकावर बसलों असतां, कशी कोण जाणे, तें पेल्यांतलें नाणें डोळ्यांपुढें आलें. पुठ्ठा सरकला, नाणें मागें राहिलें. गाडी थांबली, आम्ही पुढें गेलों. धडा तोच, फक्त उलट बाजूनें. बत्तीस वर्षें तो आम्हीं मुलांस फळ्यावर लिहून दिला होता. आणि त्या दिवशीं सकाळीं अंगणांत उभे राहून, सर्वांसमक्ष, हंसत हंसत आम्हीं तो खोटा ठरविला होता.

पहिल्या नियमाचें म्हणणें असें कीं, बाहेरून बल लागू झालें नाहीं, तर स्थिर वस्तु स्थिरच राहते आणि चालती वस्तु त्याच वेगानें, त्याच सरळ रेषेंत चालत राहते. यांतील पहिलें अर्ध कोणासही पटतें. पाट कोणी ढकलल्यावांचून सरकत नाहीं. दुसरें अर्ध मात्र आपण तोंडानें म्हणतों आणि मनानें मानीत नाहीं. कारण आपल्या रोजच्या जगांत सर्व कांहीं आपोआप थांबतें. जातें सोडलें कीं थांबतें, झोपाळा सोडला कीं थांबतो. यावरून ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलनें असें ठरविलें कीं, गति टिकावयाची तर चालविणारा सतत पाठीशीं पाहिजे. त्याचें हें मत सुमारें दोन हजार वर्षें विद्वानांत कमीअधिक प्रमाणांत चाललें, आणि आमच्यासारख्यांच्या हाडामांसांत तें अद्याप चालू आहे. गाडी थांबली म्हणजे आपणही थांबलोंच, हें मत ॲरिस्टॉटलच्याच घराण्याचें.

ही गांठ प्रथम सैल केली ती इटलीच्या गॅलिलिओनें. त्यानें उतरत्या पन्हळींतून गोळे सोडून त्यांच्या गतीचें मोजमाप केलें, आणि मग मनाशीं असा विचार केला : गोळा एका उतारावरून सोडला तर समोरच्या चढावर तो जवळजवळ तितक्याच उंचीपर्यंत चढतो. समोरचा चढ कमी केला, तर तितकीच उंची गांठण्यासाठीं तो अधिक लांब जातो. आणखी कमी केला, तर आणखी लांब. आतां चढ मुळींच नाहीसा केला, तर? तर त्यास थांबण्याचें कारणच उरत नाहीं! जातें थांबतें तें गति संपल्यामुळें नव्हे, तर दगडावर दगड घांसतो म्हणून. झोपाळा थांबतो तो कड्यांच्या घर्षणामुळें आणि हवेच्या अडथळ्यामुळें. गॅलिलिओचा हा ग्रंथ १६३८ सालीं हॉलंडांत लायडन येथें छापला गेला. ग्रंथकार त्या वेळीं स्वतःच्या घरांत नजरकैदेंत होता.

गॅलिलिओ १६४२ च्या जानेवारींत वारला आणि इंग्लंडांतील जुन्या पंचांगाप्रमाणें त्याच वर्षाच्या नाताळच्या दिवशीं वूल्सथॉर्प या खेड्यांत आयझॅक न्यूटनचा जन्म झाला. त्याचा बाप त्याच्या जन्मापूर्वींच वारला होता. तो तीन वर्षांचा झाला तों आईनें दुसरें लग्न केलें आणि पोर आजीपाशीं राहिलें. पुढें केंब्रिजला शिकत असतां १६६५ सालीं प्लेगची सांथ आली, विद्यालय बंद झालें, आणि हा तरुण घरीं परत आला. त्या दीडदोन वर्षांच्या एकांतांत त्यानें जें बीज पेरलें, त्याचें पीक पुढें वीस वर्षांनीं आलें. १६८४ सालीं एडमंड हॅले यानें त्यास ग्रहांच्या कक्षेविषयीं एक प्रश्न विचारला. उत्तर लिहितां लिहितां ग्रंथ झाला. रॉयल सोसायटीनें आपला पैसा माशांच्या इतिहासावरील एका भारी ग्रंथांत घालविलेला. त्यामुळें छपाईचा खर्च हॅलेनें पदरचा केला आणि १६८७ सालीं ‘प्रिन्सिपिया’ लॅटिन भाषेंत प्रसिद्ध झाला. गतीचे तिन्ही नियम त्याच्या आरंभींच दिलेले आहेत. पहिल्या नियमाच्या खालीं न्यूटननें जीं उदाहरणें दिलीं, त्यांत फेंकलेली वस्तु आहे, ग्रह आणि धूमकेतु आहेत, आणि त्यांच्याच पंक्तीस मुलांचा भोवराही आहे : हवेनें मंदावला नाहीं तर तो फिरतच राहील, असें तो म्हणतो. ग्रहांस आणि भोंवऱ्यास एकच कायदा लावणारें हें वाक्य आम्हांस सगळ्या ग्रंथांत फार आवडतें.

मुंजीच्या रात्रीं, चिमी एकदांची झोंपली तेव्हां, आमचे धाकटे बंधु आमचें मन रमवावें म्हणून जवळ येऊन बसले. त्यांच्या हातांतील फोनवर कोणी तरी मजकूर पाठविला होता कीं, हे तिन्ही नियम कणाद मुनींनीं वैशेषिक सूत्रांत पूर्वींच सांगून ठेविले आहेत. आपल्या पूर्वजांचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु त्यांत जें आहे तेंच थोर आहे. जें नाहीं तें त्यांत घुसडण्यानें कणादांचा गौरव होत नाहीं. वैशेषिकांनीं बाणाचा विचार केला आहे. बाणास पहिली गति मिळते ती धनुष्याच्या नोदनानें, म्हणजे ढकलण्यानें. त्या गतीनें बाणांत एक संस्कार उत्पन्न होतो, तो पुढची गति चालवितो. आणि तो संस्कार नाहीसा झाला म्हणजे गुरुत्वामुळें बाण खालीं पडतो. या संस्कारासच पुढें ‘वेग’ म्हटलें. विचार किती सूक्ष्म! याच जातीचा विचार चौदाव्या शतकांत पॅरिस येथें बुरिदां यानेंही मांडला. पण दोघांच्याही मतें गति टिकण्यास कांहीं तरी आंतलें कारण लागतें. गॅलिलिओ आणि न्यूटन यांनीं प्रश्नच फिरविला. गति कां टिकते, असें विचारूंच नका. ती कां बदलते, असें विचारा. टिकणें हा गतीचा स्वभाव आहे. कारण लागतें तें बदलास. बंधूंस हें पटलें कीं नाहीं कोण जाणे, पण ते म्हणाले, “दादा, मग त्या वेळीं गाडींत चिमीची गति बदलणारें काय होतें?” आम्ही गप्प बसलों. उत्तर एकच होतें : आमचे दोन हात आणि पुढचें आसन.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं. मुंजीच्या याद्यांची वही उशाशीं होती. तिच्या कोऱ्या पानावर आम्हीं गणित मांडलें. दुसरा नियम असा कीं, वस्तूची गति बदलण्यास किती बल लागेल, हें त्या वस्तूच्या वस्तुमानावर आणि बदल किती त्वरेनें घडवावयाचा यावर अवलंबून असतें. वस्तुमानास त्वरणानें गुणलें कीं बल मिळतें. तासाला ५० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारें १४ मीटर. गाडी दोन सेकंदांत थांबली असें धरलें, तर दर सेकंदास वेग ७ मीटरनें कमी झाला. चिमीचें वजन १० किलो. तिला गाडीबरोबर थांबविण्यास ७० न्यूटन बल हवें होतें. म्हणजे सात किलोंची पिशवी उचलून धरण्याइतकें. तेवढें तर आमच्या हातांत अजून आहे! क्षणभर वाटलें, मग आमचें चुकलें कोठें?

चूक पुढच्या ओळींत होती. आमचें स्वतःचें वजन ६५ किलो. आम्हांस थांबविण्यास ४५५ न्यूटन, म्हणजे सुमारें सेहेचाळीस किलोंच्या वजनाइतकें बल हवें होतें, आणि तें देणारा पट्टा तर आम्हीं लावलाच नव्हता. आम्ही चिमीस धरून होतों. पण आम्हांस कोण धरून होतें? शिवाय हें सारें ब्रेक लागण्याची चाहूल अगोदर असती तर; आम्ही तर गुरें दाखविण्यांत गुंग होतों. ज्या मांडीस आम्हीं जगांतील सर्वांत सुरक्षित जागा म्हटलें, ती मांडी आणि तिच्यावरची छाती पुढें फेंकल्या गेल्या, आणि त्यांचा सारा भार त्या दहा किलोंच्या जिवावर पडला. आजोबा हे तिचें संरक्षण नव्हते. तिच्यावर कोसळणारी वस्तु तेच होते.

आणि हें गणित नुसत्या ब्रेकचें. गाडी कशावर आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यांत थांबली असती, तर त्याच वेगाला त्वरण वीसपट झालें असतें. चिमीस धरण्यास १४०० न्यूटन, म्हणजे सुमारें एकशें चाळीस किलोंचें ओझें पेलण्याइतकें बल लागलें असतें. पहिलवानाच्या हातांतूनही मूल सुटतें तें यामुळें. एकाच पट्ट्यांत मोठें माणूस आणि मांडीवरचें मूल दोघांस बांधणें हाही उपाय नव्हे. तेथेंही मोठ्याचा भार मुलावरच येतो.

मग आत्याबाईंची बैलगाडी? ती हकीकत खोटी नव्हती. पण बैलगाडी तासाला चार किलोमीटर चालते. आमच्या मोटारीचा वेग तिच्या साडेबारा पट. तितक्याच अंतरांत थांबावयाचें झालें, तर लागणारें बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. म्हणजे साडेबारा पट नव्हे, तर सुमारें दीडशें पट. आत्याबाईंची मांडी बैलगाडींत खरोखरच सुरक्षित होती. त्यांचा अनुभव खरा, त्यांची माया खरी, त्यांचें वाक्यही खरें. फक्त तें तासाला चार किलोमीटरपर्यंत खरें. आपल्या घरांतील कितीएक वचनें अशींच असतील. तीं खोटीं नसतात. तीं कोणत्या वेगापर्यंत खरीं आहेत, एवढेंच पाहावयाचें राहून जातें.

या नियमाचा दुसरा अर्थ बायकामाणसांस आम्हांपेक्षां अधिक ठाऊक असतो. माळ्यावरून बरणी खालीं देतांना खालचें माणूस ती हातांत घेऊन हात किंचित् खालीं नेतें. चेंडू झेलणारा मुलगा हात मागें घेतो. थांबावयास वेळ अधिक दिला, कीं बल कमी लागतें. मोटारींतील पट्टा हेंच करितो. तो शरीरास थोडें पुढें येऊं देतो, ताणतो, आणि तो भार छाती व कमर यांच्या मजबूत हाडांवर वांटून देतो. छातीवरून आणि कमरेवरून जाणारा हा तीन टोंकांचा पट्टा स्वीडनमधील व्होल्वो कंपनीच्या नील्स बोलीन या इंजिनियरानें सिद्ध केला, आणि १९५९ सालीं तो मोटारींत बसूं लागला. कंपनीनें इतर कारखानदारांसही तो वापरण्यास मोकळीक दिली. मुलांच्या खुर्चीचें तत्त्वही हेंच. फक्त तिचे पट्टे मुलाच्या चिमुकल्या अंगाच्या मापाचे असतात आणि ती स्वतः गाडीस बांधलेली असते. आपल्या देशांतही मोटार वाहन कायद्याच्या २०१९ सालच्या दुरुस्तीनें चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्यावांचून किंवा अशा खुर्चीवांचून नेल्यास एक हजार रुपये दंड ठेविला आहे. दंडाची रक्कम आम्हांस ठाऊक होती. कायदा कशासाठीं केला, हें शिकविण्याचा तर आमचा धंदाच होता.

आतां तिसरा नियम. यास लोकांनीं फार छळलें आहे. क्रियेस तितकीच आणि उलट प्रतिक्रिया असते, हें वाक्य राजकारणांत येतें, भांडणांत येतें, आणि ‘करावें तसें भरावें’ या अर्थानें कीर्तनांतही येतें. न्यूटनचें म्हणणें याहून साधें आणि याहून विलक्षण आहे. त्याचें उदाहरण असें : बोटानें दगड दाबला, तर दगडही बोटास दाबतो, दोरीनें बांधलेला दगड घोडा ओढतो, तेव्हां दगडही घोड्यास तितकाच मागें ओढतो. प्रतिक्रिया नंतर येत नाहीं. क्रिया ज्या क्षणीं, त्याच क्षणीं ती असते. दोन्ही बलें एकाच वस्तूवर नसतात; एक ह्या वस्तूवर, दुसरें त्या वस्तूवर. म्हणून तीं एकमेकांस खाऊन टाकीत नाहींत. आपण चालतों तेव्हां पाय जमिनीस मागें ढकलतो आणि जमीन आपणांस पुढें ढकलते; शेवाळलेल्या फरशीवर जमिनीचें हें साह्य मिळेनासें झालें, कीं आपण पडतों.

या नियमांत मोठमोठे फसले आहेत. अमेरिकेंत रॉबर्ट गॉडर्ड अग्निबाणाचे प्रयोग करीत असतां, १९२० च्या जानेवारींत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ पत्रानें त्याची थट्टा केली कीं, निर्वात अवकाशांत अग्निबाणास ढकलावयास कांहींच नसतें, आणि या गृहस्थास शाळेंतील विद्याही नाहीं. वास्तविक अग्निबाण हवेस ढकलीत नाहीं. तो स्वतःच्या तोंडांतून बाहेर पडणाऱ्या वायूस ढकलतो आणि तो वायु त्यास ढकलतो. पत्रानें आपली चूक दुरुस्त केली ती १९६९ च्या जुलैंत, चंद्रावर माणूस उतरावयास तीन दिवस उरले असतां. गॉडर्ड तर १९४५ सालींच वारला होता. आमचें चांद्रयान-३ हें २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशांत उतरलें, तेव्हां घरांतील सर्व मंडळी दूरचित्रवाणीपुढें बसली होती. बहुतेक सारी वाट तें यान इंजिन बंद ठेवून चाललें, कारण पहिला नियम. पृथ्वीनें आणि चंद्रानें त्याची वाट वांकविली, कारण दुसरा. आणि उतरतांना तें खालच्या दिशेस ज्वाळा सोडीत हळूहळू सांवरलें, कारण तिसरा. प्रकाशाच्या वेगाजवळ आणि अणूच्या पोटांत न्यूटनचें राज्य चालत नाहीं, हें विसाव्या शतकांत आइन्स्टाइन आणि त्याच्या समकालीनांनीं दाखविलें. परंतु चंद्रावर जावयास आणि साताऱ्यास जावयास तें पुरेसें आहे.

त्या वहींत तिसऱ्या नियमाखालीं आम्हीं एकच ओळ लिहिली, आणि ती लिहितांना हात थांबला. आम्हीं चिमीस ज्या बलानें दाबलें, त्याच बलानें चिमीनेंही आम्हांस दाबलें. नियमाप्रमाणें दोन्ही बलें अगदीं समान. आमच्या छातीवर साधा वळही उठला नाहीं. तिचें हाड मोडलें. बल समान असतें, वाचकहो. परिणाम समान नसतो. तो ज्याच्या त्याच्या अंगबळावर ठरतो. मोठ्या कुटुंबांत राहणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं हें वाक्य भौतिकशास्त्राच्या वहींतच ठेवावें, असें आम्हांस वाटत नाहीं.

चिमी तीन आठवड्यांत बरी झाली. चौथ्या आठवड्यांत ती झोळी ओढून काढूं लागली आणि पांचव्या आठवड्यांत आमचा चष्मा. आत्याबाईंनीं तिच्यावरून मीठमोहऱ्या ओंवाळून टाकल्या. घरांत त्या विषयावर कोणी चकार शब्द काढला नाहीं. चिरंजीव मात्र चारचौघांत आमच्या शेजारीं बसावयाचे टाळीत; पुढें कळलें कीं, ते आमच्यावर रागावले नव्हते, स्वतःवरच रागावले होते; घड्याळाकडे आपण कां पाहिलें, म्हणून. सूनबाई आम्हांस कांहीं बोलतील, निदान एकदां तरी बोलतील, अशी आम्हीं रोज वाट पाहत होतों. त्यांनीं चहा वेळेवर दिला, औषधाची आठवण केली, चिमीस आमच्याजवळ खेळावयास आणून सोडिलें. पण तो विषय काढला नाहीं. बोलल्या असत्या, तर आम्हांस बरें वाटलें असतें.

पुढें श्रावणांत बंधूंच्या घरीं सत्यनारायणाच्या पूजेस जावयाचें होतें. गांवांतल्या गांवांत, पाऊण तासाची वाट. आम्ही कपडे करून खालीं आलों, तों सूनबाई एकट्याच मोटारींत वांकून ती खुर्ची बांधीत होत्या. आत्याबाईंसाठीं रिक्षा बोलाविलेली होती, कारण खुर्चीमुळें एक जागा कमी पडत होती. आम्ही दाराशीं उभे राहिलों. सासऱ्यानें सुनेपुढें उभें राहून जें बोलावयाचें, त्याची आमच्या घराण्यांत वहिवाट नाहीं. शब्दही लौकर सांपडेनात. अखेर आम्ही म्हणालों, “सूनबाई, त्या दिवशीं सकाळीं तुमचेंच बरोबर होतें. आमचें चुकलें. आणि चुकलें तें ठाऊक नव्हतें म्हणून नव्हे, ठाऊक होतें.”

त्या वळल्या नाहींत. थोडा वेळ त्यांचे हात थांबले. मग म्हणाल्या, “बाबा, तो पट्टा तिकडच्या बाजूनें जरा ओढून धरा, माझ्याच्यानें घट्ट बसत नाहीं.”

आम्हीं गुडघा बाकावर टेंकला आणि पट्टा ओढला. खुर्ची हलेनाशी झाली. चिमीस तिच्यांत बसविलें, तिचे दोन्ही खांदे पट्ट्यांतून घेतले; मोडलेल्या बाजूचा खांदा जरा जपून. नंतर आम्ही तिच्या शेजारीं बसलों आणि स्वतःचा पट्टा ओढून खांचेंत घातला. खट् असा आवाज झाला. चिमीनें तो ऐकून टाळ्या वाजविल्या; पेल्यांत नाणें पडल्यावर आमच्या वर्गांतलीं मुलें वाजवीत असत, तशा.